शेऱ्याचा रकाना

आमच्या शाळेतल्या मुलांना ऐकू येत नाही, पण शाळेत शांतता कधीच नसते. ताटं आपटतात, बाकं फरफटतात, दारं धाडकन लागतात. आवाज झाला हे करणाऱ्याला कळतच नाही. त्या गलक्यात मी बारा वर्षं ऑफिसचं काम करते आहे.

इथे मी कुणाचंच नाव लिहीत नाही. एकदा लिहून चुकले आहे.

देऊळगाव राजापासून थोडं पुढे, डांबरी रस्त्याला लागून आमची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. ती सरांनी काढली. सर म्हणजे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले मास्तर, आता सत्तरी ओलांडलेले. सरकारी अनुदान येतं तेव्हा येतं. बाकी सगळं लोकांच्या देण्यावर. आमच्याकडे देण्याची साधी रीत आहे, ती म्हणजे एका दिवसाचं जेवण. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या आईच्या पुण्यतिथीला घरचे लोक मुलांना गोड जेवण देतात. सर पावतीपुस्तक कापडी पिशवीत घालून स्कूटरवर गावोगाव फिरायचे. कोण कधी देतो, हे तीन जाड रजिस्टरांत आणि त्यांच्या डोक्यात असायचं.

मग सर विसरायला लागले. एकदा त्यांनी एका घरी फोन लावला आणि म्हणाले, "येत्या सोमवारी तुमच्या वडिलांची पुण्यतिथी आहे, जेवणाचं कसं करायचं?" फोन वडिलांनीच उचलला होता. 

त्यानंतर त्यांनी मला बुलढाण्याला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. संस्थांनी संगणकाच्या मदतीनं देणग्या कशा वाढवाव्यात, असा विषय होता. शिकवायला पुण्याची एक तरुण मुलगी होती, फार हुशार. मी उभी राहून "मले एक शंका हाय" म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं हसले. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला नवे दाते शोधायची गरजच नाही. जे आहेत त्यांनाच तुम्ही विसरताय."

तिनं एक्सेलची शीट करायला शिकवलं. एका माणसाला एक ओळ. नाव, गाव, मोबाईल, वाढदिवस, घरातल्या पुण्यतिथी, मागची देणगी. आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. "इथे जे आठवेल ते लिहा," ती म्हणाली. "माणूस कसा आहे, कुणाच्या शब्दावर देतो, काय बोललेलं त्याला आवडत नाही. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर त्याला तुमच्याइतकंच कळलं पाहिजे."

चार महिने रोज दुपारी सर आठवून सांगायचे आणि मी टाईप करायचे. "हा भावाशी बोलत नाही. भावानं दिलं की त्याच्याहून जास्त देतो." "साहेब नाही म्हणतात, बाईंना विचारावं." "बोलबच्चन, रक्कम कमी." "मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात होता, चौकशी करू नये." हे लिहिताना मला मजा यायची. तालुक्यातलं प्रत्येक घर आतून पाहिल्यासारखं वाटायचं.

आणि त्याचा उपयोग झाला. पुढच्या आठवड्यातल्या तारखा शीटमध्ये आपोआप लाल व्हायच्या. आठ दिवस आधी आम्ही निरोप पाठवायचो, जेवण झाल्यावर मुलांचा फोटो. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी फिरकत नसे, मुलं आठवडे-आठवडे वरणभातावर असायची. त्या वर्षी पावसाळ्यातसुद्धा मुलांनी लाडू खाल्ले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून ती हातांनी एकमेकांना विचारायची, आज काय?

त्याच सुमारास काकू आल्या.

देऊळगाव राजात बियाणं-खतांचं मोठं दुकान आहे, त्या मालकांच्या त्या बायको. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. आमच्या कार्यक्रमाला ते दरवर्षी यायचे, पहिल्या रांगेत बसायचे. काकू मात्र त्या दिवशी एकट्या, एसटीनं आल्या होत्या. डोक्यावरचा पदर न काढता माझ्यासमोर बसल्या आणि माझं बोलणं दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, "तुयं माहेर कोठचं वं?"

"शेगावकडचं."

"तरीच. मी बी घाटाखालची. संग्रामपूरच्या अलीकडची."

आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. वर दिलेल्या मुलीला खालची भाषा बोलणारं कुणी भेटलं की तिचा जीव कसा होतो, ते मला ठाऊक आहे. मीही लगेच खालच्या बोलीवर आले.

"वर्षातून एक दिवस मले इथल्या लेकराईले जिलबी खाऊ घालाची हाय," काकू म्हणाल्या. "नाव माह्या माहेरचं लिहाचं. अन् फोटो माह्याकडं नाई पाठवाचा."

"मंग कोणाकडं पाठवू?"

त्यांनी ब्लाऊजमधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर एक मोबाईल नंबर होता. "इथं पाठवजो. लिहाचं काईच नाई. निस्ता फोटो."

तो नंबर त्यांच्या मुलीचा होता. तिनं चार वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं होतं, घरातून निघून जाऊन. पहिल्या वर्षी भाऊसाहेबांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकूंचा दीर, दोन गाड्या घेऊन तिला शोधत फिरला होता. सापडली असती तर काय झालं असतं, हे काकू बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. आता ती लांबच्या एका शहरात होती. आई फोन करू शकत नव्हती. वर्षातून एकदा, मुलीच्या वाढदिवसाला, जिलबी खाणाऱ्या पंचेचाळीस मुलांचा फोटो तिच्या मोबाईलवर जायचा. उत्तर यायचं नाही. दोन निळ्या खुणा यायच्या तेवढ्याच. मग मी काकूंना दुकानाच्या नंबरावर फोन करून "तुमचं आमंत्रण पोचलं का?" असं काहीतरी बोलायचे. त्या "हो, पोचलं" म्हणायच्या.

हे सगळं मी शीटमध्ये लिहिलं. "मुलीच्या वाढदिवसाला जेवण, नवऱ्यापासून गुप्त. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं आहे." पुढे शहराचं नाव. पुढे मुलीचा नंबर. "फोटो इथेच पाठवावा. आईला मोबाईलवर फोन करू नये." किती व्यवस्थित लिहिलं होतं. माझ्या जागी कुणीही आलं असतं तरी त्याला काही विचारावं लागलं नसतं.

भाऊसाहेबांची ओळख वेगळ्या ओळीत होती. "तापट. मुलीचा विषय काढू नये. स्टेजवर बोलावून सत्कार केला तरच देतात."

चार वर्षं असं चाललं. थंडीचे दिवस होते, स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. स्मरणिकेत देणाऱ्यांचे आभार मानायचे म्हणून मी शीटची एक प्रत केली, तिच्यात फक्त नाव आणि गाव ठेवलं, बाकीचे रकाने काढून टाकले. आपापल्या नावाचं शुद्धलेखन लोकांनी तपासावं म्हणून ती यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची होती. दात्यांचा मोठा ग्रुप होता आमचा. दोन्ही फायली फोनमध्ये एकाखाली एक होत्या. एकीचं नाव "देणगीदार यादी", दुसरीचं "देणगीदार यादी नवीन". सकाळी साडेअकराला मी एक पाठवली आणि मुलांना वाढायला गेले. त्या दिवशी वाढणारी बाई आली नव्हती.

एक वाजता हात धुऊन फोन पाहिला. एका निवृत्त तलाठ्यांचा निरोप होता. "मॅडम, माझ्या नावापुढे 'बोलबच्चन, रक्कम कमी' असे का लिहिले आहे?"

मी तो निरोप तीनदा वाचला. फाईल उघडली. शेवटपर्यंत सगळे रकाने तसेच होते.

मी ती फाईल सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकली. घाईत अंगठा दोनदा चुकीच्या ठिकाणी लागला. निरोप गेला, त्या जागी "तुम्ही हा संदेश हटवला" अशी ओळ आली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काढून टाकण्याआधी तो कुणी कुणी वाचला ते मला पाहता आलं असतं. आता तेही गेलं होतं. दीड तास ती फाईल तिथे होती. ग्रुपमध्ये भाऊसाहेब होते.

सर मोठ्या मुलांच्या वर्गात होते. एका मुलाचा हात आपल्या गळ्याला लावून त्याला "म" शिकवत होते. मी दारातूनच म्हटलं, "सर, बाहेर या." माझा चेहरा पाहून ते लगेच आले. मी सांगितलं.

सर ओरडले नाहीत. खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाकीचे शिव्या देतील, त्या खाऊ. आधी ती मुलगी."

मी नंबर लावला. चार वर्षांत त्या नंबरावर मी एक शब्दही बोलले नव्हते. पलीकडून हळूच "हॅलो" आलं. मी शाळेचं नाव सांगितलं.

"आईला काही झालं का?" तिनं लगेच विचारलं.

"नाही. आई बरी आहे. माझ्याकडून चूक झाली आहे." मी एका दमात सगळं सांगितलं.

तिच्या मागे कुकरची शिट्टी झालेली मला ऐकू आली.

"किती वाजता पाठवलं?"

"साडेअकराला."

"आणि आता सांगताय?"

"मला आत्ता कळलं हो."

"त्यात आमच्या शहराचं नाव होतं?"

"होतं."

"तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं होतं?" तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी बारीक झाला. "आईनं एवढ्या विश्वासानं... तुम्ही माझा नंबर पुसा. सगळीकडून पुसा. पुन्हा इथे फोन करू नका."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला तेव्हा तो लागलाच नाही.

सरांचं म्हणणं होतं की ग्रुपवर सरळ माफी मागावी, काय झालं ते सगळ्यांना सांगावं. ते बरोबरच होतं. पण मी हात जोडले. "सर, माफी मागितली की ज्यानं फाईल उघडली नाही तोही शोधायला लागेल. कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये ती उतरलेली असेलच." सर विचारात पडले. शेवटी ठरलं की ते स्वतः एकेकाला फोन करतील, ग्रुपवर काहीच लिहायचं नाही. त्यात किती खरेपणा होता आणि किती लपवाछपवी, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

काकूंना मात्र फोनवर सांगणं शक्य नव्हतं. मी स्नेहसंमेलनाची पत्रिका आणि कुंकवाची डबी घेतली आणि दुपारच्या बसनं देऊळगावला गेले. बसमध्ये खिडकीशी बसले होते, बाहेर काय होतं ते काही आठवत नाही. एवढंच आठवतं की पत्रिकेचा कोपरा मी मुडपून मुडपून मऊ केला होता.

दुकानाच्या मागेच घर. भाऊसाहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते. डोळ्याला चष्मा आणि हातात मोबाईल.

"या मॅडम," ते म्हणाले. नजर मोबाईलवरच. "आज ग्रुपवर काय टाकून काढून घेतलं व्हतं?"

"चुकून जुनी यादी गेली होती, भाऊसाहेब."

"असं व्हय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, यांना माहीत आहे. लगेच वाटलं, नाही, माहीत नाही. "मी त्या ग्रुपवर बघतच नाही जास्त. नुसतं गुड मॉर्निंग असतंय दिवसभर." ते हसले. मीही हसले. ते माझं हसणं कसं दिसलं असेल देव जाणे.

"काकूंना कुंकू लावून आमंत्रण देते," म्हणून मी आत गेले.

काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात पत्रिका वाचायला लागले आणि मध्येच, त्यांना कुंकू लावता लावता, कानाशी सांगितलं. त्यांचा हात परातीतल्या पिठातच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी उलटली नाही, शेवटी मीच उलटली.

"तिले सांगतलं?"

"हो. आधी तिलेच सांगतलं."

"त्याईचा मोबाईल माहा दीर पाह्यते," काकू म्हणाल्या, अगदी कुजबुजत. "त्याईले त्यातलं काई समजत नाई. दुकानाचे मेसेज, बँकेचे, सारं तोच उघडते."

मला वाटत होतं की माझी भीती ओसरीवर बसली आहे. ती तिथे नव्हतीच.

"काकू, मले माफ करा."

"आता जाय तू. जास्त वेळ थांबू नको, पुसतीन."

मी निघाले. दारात भाऊसाहेब म्हणाले, "चहा नाही घेतला?" मी बस चुकेल म्हणाले. गल्लीच्या टोकापर्यंत मला पाठीवर कुणाची तरी नजर जाणवत राहिली. मागे वळून मी पाहिलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. सर रोज सकाळी यादी घेऊन बसायचे आणि एकेकाला फोन करायचे. "माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं, चूक माझी आहे," असं प्रत्येकाला म्हणायचे. एकानं त्यांना अशी शिवी दिली की ती रिसीव्हरबाहेर मला ऐकू आली. सरांनी फोन ठेवला, पाणी प्यायलं आणि पुढचा नंबर लावला. बरेच जण तुटले. निवृत्त तलाठी मात्र पुढच्याच महिन्यात आले, दोन दिवसांचं जेवण लिहून गेले आणि जाताना मला म्हणाले, "आता शेरा बदला."

मला एक गोष्ट हळूहळू कळत गेली. ज्यांनी ज्यांनी फाईल उघडली होती, त्यांनी पहिल्यांदा स्वतःचंच नाव शोधलं होतं. स्वतःची ओळ वाचून ते इतके दुखावले होते की दुसऱ्याच्या ओळीपर्यंत गेलेच नव्हते. काकूंची ओळ माहेरच्या नावानं होती, खूप खाली. मी त्याच आशेला धरून होते.

पाचव्या दिवशी फाटकातून पांढरी जीप आत आली.

भाऊसाहेब उतरले, मागून त्यांचा धाकटा भाऊ, काकूंचा दीर. मी खिडकीतून पाहिलं आणि माझ्या तोंडून आवाजच निघेना. सरांना हाक मारायची होती ती मारता आली नाही. टेबलावर हात आपटला, तेव्हा सरांनी वर पाहिलं.

भाऊसाहेबांच्या हातात छापलेले कागद होते, स्टेपल केलेले. ते खुर्चीत बसले. दीर उभाच राहिला. भिंतीवर आम्ही जेवणांचे फोटो लावले आहेत, तो ते एकेक बघत चालला.

"'स्टेजवर बोलावून सत्कार केला तरच देतात,'" भाऊसाहेबांनी मोठ्यानं वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी सांगितलं, मॅडमनी उतरवलं," सर म्हणाले. "चूक माझी आहे. मी तुमची माफी मागतो."

"वीस वर्षं येतो मी तुमच्या शाळेत. सत्कारासाठी येतो?"

सरांनी हात जोडले. एवढा म्हातारा माणूस हात जोडून उभा आहे, हे पाहून भाऊसाहेबांनी मान वळवली.

"हे जिलबीचं जेवण कुणाचं?" दीरानं एका फोटोवर बोट ठेवून विचारलं.

तो काकूंचाच फोटो होता. रजिस्टर माझ्यासमोर टेबलावर होतं.

"आठवत नाही," मी म्हणाले. "जिलबी बरेच जण देतात."

"रजिस्टरात आसंल की."

"चल रे," भाऊसाहेब उठून म्हणाले. "जिलबी कुणाची न् लाडू कुणाचे, काय करायचंय आपल्याला?" त्यांनी कागदांची सुरळी केली, खिशात कोंबली. दारापाशी थांबून सरांना म्हणाले, "इथून पुढं माझ्याकडं येऊ नका." जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी टेबलाची कड धरून होते.

महिनाभर काहीच कळलं नाही. मग एके दिवशी काकू आल्या. वाळल्या होत्या. मी त्यांच्या हातांकडे, गळ्याकडे बघत होते, कुठे काही खूण आहे का. त्यांना ते समजलं.

"मारलं नाई कोणी," त्या म्हणाल्या. "बस. सांगतो तुले."

भाऊसाहेबांनी मुनिमाकडून सगळी यादी छापून घेतली होती. इकडे यायच्या दिवशी सकाळी काकू पाणी तापवत होत्या, तेव्हा ते परसात आले. हातातल्या कागदांतून त्यांनी एक पान ओढून काढलं, चोळामोळा केला आणि बंबाच्या जाळात टाकलं. पूर्ण जळेपर्यंत उभे राहिले. मग आंघोळीला गेले. दीर तोवर जीप पुसत होता.

"म्हंजे त्याईनं वाचलं," मी म्हणाले.

"वाचलंच असन."

"अन् तुमाले काई बोलले?"

"एक शब्द नाई. त्या दिवसापासून जेवताना बी बोलत नाई. ताट सरकवलं का खातेत, उठून जातेत." काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "बोलले असते त बरं झालं असतं वं. आता मले काईच समजत नाई. त्याईच्या मनात काय हाय, नंबर ध्यानात ठेवला का, दिराले सांगतीन का. रोज सकाळी वाटते, आज सांगतीन."

मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"तिचा नंबर लागत नाई," त्या म्हणाल्या. "शेजारणीच्या फोनवरून लावून पाह्यला. तुह्याजवळ दुसरा हाय का?"

नव्हता. मी तो पुसला होता, तिनं सांगितल्याप्रमाणे, फोनमधून, शीटमधून, कागदावरून. आणि तिनं स्वतः तो बंदच करून टाकला होता. हे मी काकूंना सांगितलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं केलं तिनं."

त्या वर्षी जिलबीचं जेवण झालं नाही. त्या तारखेला आमच्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांची पुण्यतिथी होती.

शीट आम्ही ठेवली आहे, ती टाकून चालणार नव्हतं. पंचेचाळीस पोरांना दोन वेळा जेवायचं असतं आणि सरांना आता सकाळचं दुपारी आठवत नाही. शेऱ्याचा रकाना काढला. फाईलला कुलूप आहे, फोनमध्ये ती ठेवत नाही. पुण्याच्या त्या मुलीला मी एकदा फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला हे शिकवायला विसरले." तिच्या आवाजात मला भीती ऐकू आली. आणखी किती जणांना तिनं तो रकाना भरायला सांगितला असेल, त्याची असावी.

वर्ष उलटून गेल्यावर ऑफिसच्या फोनवर एक अनोळखी फोन आला. "आई येते का हो तिकडे?" एवढंच विचारलं. मी आवाज ओळखला. म्हणाले, "बोलावते. बुधवारी अकराला लावा." नंबर दिसत होता. मी पेन उचललं आणि परत ठेवलं.

दुकानाच्या नंबरावर मी फोन केला तेव्हा उचलला भाऊसाहेबांनीच. मी घाबरून नुसतीच "हॅलो, हॅलो" करत राहिले. माझा आवाज त्यांनी ओळखला असावा. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, शाळेतून फोन आहे तुला." आणि रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

बुधवारी काकू आल्या. मी त्यांना ऑफिसात फोनपाशी बसवलं, दार ओढून घेतलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. ऊन बरंच चढलं होतं. देऊळगावकडून येणारी प्रत्येक गाडी जवळ आली की मी श्वास धरायचे, ती पुढे निघून गेली की सोडायचे. भाऊसाहेबांनी फोन दिला होता तो माहीत असून दिला की नसून, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि जीप आलीच तर मी आत धावत जाऊन काय करणार होते तेही. मागे मुलं मैदानात चेंडूवर भांडत होती.

बऱ्याच वेळानं काकू बाहेर आल्या. नळावर तोंड धुतलं, पदरानं पुसलं.

"तिले लेकरू झालं," त्या म्हणाल्या. "पोट्टी हाय. सात महिन्याची."

मग रस्त्याकडे पाहून विचारलं, "आता बस कवा हाय वं?"